उसाच्या फडातलं मूल

तुम्ही राहुरीच्या स्टँडवर उतरता तेव्हा साल १९७६ आहे. भाद्रपद सरत आलाय, मुळेला पाणी आहे आणि नगर-मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेलाय. रस्ता सोडून आत चला, कालव्याच्या कडेच्या वस्तीवर. दोन खणांचं मातीचं घर. दीड वर्षाचं पोर तीन दिवस तापानं फणफणलं होतं. परवा डॉक्टरांनी सुई दिली, रात्री ताप उतरला, घरातली माणसं निवांत झोपली. आज सकाळी आईनं त्याला अंगणात उभं केलं तर ते मटकन खाली बसलं. तिनं पुन्हा उभं केलं. डावा पाय जमिनीला टेकला, पण त्यानं भार घेतला नाही.

जवळ जाऊन बघा. सूज नाही, मुका मार नाही. तळव्याला गुदगुल्या केल्या तर पोराला कळतं, ते तोंड वाकडं करतं. पाय मात्र मागे ओढून घेत नाही. पोटरी हाताला भिजवलेल्या कणकेसारखी लागते. आई म्हणते, "सुई बाधली." आजी म्हणते, "शिरंत बसली." दोघी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पोलिओचा विषाणू शरीरात असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच पायावरून वारं जाण्याचा धोका वाढतो, हे पुढे अभ्यासातूनही दिसलं. पण विषाणू सुईतून आलेला नाही. तो तोंडावाटे आला, पाण्यातून नाहीतर हातातून. तो आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या तोंडापर्यंत वाट काढतो. साधारण २०० मुलांना लागण झाली तर एखाद्याचाच हात किंवा पाय जातो. बाकीच्यांना थोडा ताप येतो, बहुतेकांना तेवढाही नाही. या एका अंगणात पाय गेला, याचा अर्थ या कालव्याच्या काठानं आणखी कितीतरी पोरांच्या पोटात विषाणू आत्ता वाढतो आहे. ती पोरं खेळताहेत, त्यांच्या आया खुरपायला गेल्यात. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढचं सगळं काम त्याच्याशी झगडण्याचंच आहे.

लस आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. साल्कची टोचायची लस १९५५ मध्येच आली आणि सेबिनचे तोंडातून द्यायचे थेंब त्यानंतर काही वर्षांत. मुंबईला, इथून एका रात्रीच्या एसटीवर, परळमध्ये हाफकिनच्या आवारात १९४९ पासून पोलिओचं संशोधन चाललंय. आपल्या मुलीला पोलिओ झाला म्हणून फातेमा इस्माईल यांनी १९४७ सालीच मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र उभं केलं होतं. मुंबईत हे सगळं आहे आणि या वस्तीवर त्यातलं काही नाही. सरकारी लसीकरणात पोलिओचे थेंब यायला अजून तीन वर्षं आहेत. या आईला काहीतरी सांगावं असं तुम्हाला वाटेल. पण गेलेला पाय परत आणणारं औषध १९७६ मध्ये नव्हतं, आजही नाही. हे पोर वाढेल, शाळेत जाईल, डावा हात गुडघ्यावर दाबून एकेक पाऊल टाकेल, आणि गावात त्याला नावानं कमी, पायावरून जास्त हाक मारली जाईल.

वर्षं भराभर ओलांडा. २९ सप्टेंबर १९७९ ला फिलिपाइन्सच्या मकाती भागात क्षणभर थांबा. रोटरी इंटरनॅशनलचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स बोमर एका मुलाच्या तोंडात दोन थेंब टाकताहेत. त्या देशातल्या ६० लाख मुलांना डोस द्यायचा, एवढं मोठं काम रोटरीनं प्रथमच अंगावर घेतलंय. तिथूनच १९८५ चा पोलिओप्लस कार्यक्रम निघाला. क्लबांनी १२ कोटी डॉलर जमवायचं ठरवलं आणि १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून जास्त जमा झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेनं जगातून पोलिओ घालवण्याचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती, म्हणजे दिवसाला हजाराच्या आसपास.

आकड्यांनी छाती दडपते, पण राहुरीच्या दृष्टीनं मला वेल्लोर जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथले डॉ. टी. जेकब जॉन ऐंशीच्या दशकापासून सांगत होते की आपल्या उष्ण, दाटीच्या देशात तीन-चार डोसांनी भागत नाही. पोरांच्या पोटात इतर जंतूंची इतकी गर्दी असते की लस नीट रुजत नाही. तेव्हा ठरलेल्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या लहान मुलांना एकदमच डोस पाजायचा, आधी घेतलेला असो वा नसो. सगळ्यांच्या आतड्यांत एकाच वेळी लसीचा विषाणू भरला की रानटी विषाणूला उतरायला जागा उरत नाही. या ठोक्यालाच पल्स म्हणतात. सगळी ताकद 'झाडून सगळ्या' या अटीत आहे. दहातलं एक राहिलं तरी विषाणूला राहायला घर मिळतं.

आता ९ डिसेंबर १९९५. वार शनिवार. दिल्लीनं आदल्या वर्षी २ ऑक्टोबरला हे करून दाखवलंय, आज सगळा देश करतोय. स्टँडच्या बाजूला मांडव आहे, शाळेतून आणलेलं टेबल आहे, त्यावर पांढरी चादर. तुम्हाला एक खुर्ची दिलीय आणि नोंदीचा कागद. शेजारी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहेत. रोटरीचे दोघे उभे आहेत, एकाचं मेडिकलचं दुकान, दुसरे कृषी विद्यापीठात प्राध्यापक. तालुक्याच्या गावातला क्लब असाच असतो: डॉक्टर, वकील, खताच्या दुकानाचा मालक, कारखान्यातला इंजिनिअर, एखादे मुख्याध्यापक. एरवी रक्तदान, मोतीबिंदूची शिबिरं, शाळांना वह्या आणि बाक. आज त्यांनी रिक्षावर कर्णा बांधून दिलाय, चहा-नाश्त्याचं बघितलंय, आणि पहाटे बर्फाच्या लाद्या फोडून पेट्यांत भरल्यात. लस गरम झाली की मेली, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. कुपीवर रंग बदलणारा चौकोन चिकटवायची पद्धत यायला अजून वेळ आहे. म्हणून सिस्टर दर थोड्या वेळानं झाकण उघडून बर्फाला हात लावतात आणि तुम्हाला दटावतात, "पेटी उन्हात सरकवू नका हो."

गर्दी उसळते. बायका नटूनथटून आल्यात, पोरांना काजळ, नवे झबले. सिस्टर दोन बोटांनी गाल दाबतात, ओठांचा चंबू होतो, दोन थेंब पडतात, पोर आधी गोंधळतं आणि मग रडतं. या वर्षी फक्त तीन वर्षांखालच्यांना डोस आहे. एका बाळाचा चार वर्षांचा भाऊ आपणहून आ करून उभा राहतो. त्याला नाही म्हणायचं काम तुमच्याकडे येतं. तुम्ही सांगता, तो ऐकून घेतो, आणि तरी बराच वेळ आ करूनच उभा असतो. पुढच्या वर्षी मर्यादा पाच वर्षांची होईल, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला ते सांगून उपयोग नाही.

संध्याकाळी कागदावरच्या उभ्या रेघा मोजल्या जातात. देशभर त्या दिवशी ८ कोटींहून अधिक मुलांना डोस मिळाला. राहुरीतही सगळे खूश आहेत, आणि खूश व्हावं असंच ते काम होतं. फक्त त्या कागदावर जी आली तीच मुलं आहेत. जी आली नाहीत, त्यांची रेघ कुठेच नाही. रिक्षा गावातून फिरली, पेठेतून फिरली, कॉलनीतून फिरली. डिसेंबरचा महिना आहे, गळीत हंगाम भरात आहे, आणि उसाच्या फडात रिक्षा गेली नाही.

ही उणीव भरून काढायला देशाला काही वर्षं लागली. १९९९ पासून मांडवातल्या दिवसानंतर घरोघर जायला सुरुवात झाली. डोस पाजलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीवर शाई. सगळी मुलं झाली की दारावर खडूनं 'पी', एखादं जरी राहिलं तरी 'एक्स'. एक्स म्हणजे पुन्हा यायचं. कुलूप असेल, मूल मामाकडे गेलं असेल, झोपलं म्हणून आईनं परत पाठवलं असेल, बापानं नको म्हटलं असेल, सगळ्याला एकच खूण. या पद्धतीतलं शहाणपण मला फार मोठं वाटतं. त्यात यशाचा हिशेब बाजूला ठेवलाय आणि उरलेल्यांची यादी हातात घेतलीय.

चला २००३ च्या जानेवारीत. आदल्या वर्षी देशात १६०० मुलं पोलिओनं लुळी पडली, बहुतेक उत्तर प्रदेशात. महाराष्ट्राला धाकधूक आहे, कारण माणसं रेल्वेनं येतात आणि विषाणूला तिकीट लागत नाही. तुम्ही पहाटे चार वाजता एका जीपमध्ये बसलाय. जीप मेडिकलवाल्यांची, डिझेल क्लबचं. मागे सिस्टर आणि एक अंगणवाडीच्या ताई, दोघींच्या मध्ये निळी व्हॅक्सिन कॅरियर. तिच्यातले चार आईस पॅक रात्री गावातल्या आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये गोठवलेत, कारण लोडशेडिंगच्या दिवसांत भरवसा तेवढाच. कुपीवर आता तो चौकोन आलाय. भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. वर्तुळाइतका गडद झाला की फेकायची.

चार वाजताच का, हे ताईंना विचारा. त्या काल सकाळी दहाला कोप्यांवर जाऊन आल्या. उसाच्या पाचटाच्या, माणूस वाकून शिरेल एवढ्या झोपड्या. सगळ्या रिकाम्या. एक म्हातारी आणि दोन शेळ्या. ऊस तोडणारी जोडपी पहाटे अंधारातच फडात जातात, एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. पाठोपाठ लेकरंही जातात, कारण मागे सांभाळणार कोण. तान्हं बांधाला झोळीत, चालतं पोर वाढ्यांच्या ढिगात. दहा वाजता गेलेलं पथक प्रत्येक कोपीवर एक्स मारून परत येतं, आणि त्याचा काही दोष नसतो. पाथर्डीकडून, शेवगावकडून, बीडच्या पाटोदा-शिरूरकडून दसरा-दिवाळीनंतर या टोळ्या येतात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. पल्स पोलिओच्या मोठ्या फेऱ्या नेमक्या जानेवारी-फेब्रुवारीत. गावी त्यांचं नाव यादीत आहे, पण माणूस तिथे नाही. इथे माणूस आहे, पण नाव यादीत नाही.

देवळाली प्रवराच्या रस्त्याला जीप आत वळते. कंदील हलताना दिसतात. मुकादम पुढे येतो, मफलरीत गुंडाळलेला. मेडिकलवाले त्याला ओळखतात, गेल्या महिन्यात त्याच्या माणसाचा हात कोयत्यानं कापला तेव्हा पट्टी त्यांच्याच दुकानात झाली होती.

"लवकर उरका साहेब. गाडी भरून काट्यावर नंबर लावायचाय."

"तुमची पोरं आधी देता का? मग बाकीची आपोआप येतील."

मुकादम हसतो, आपली धाकटी उचलून आणतो. सिस्टर बॅटरीच्या उजेडात दोन थेंब सोडतात. एकेक पोर अंधारातून पुढे येऊ लागतं, कुणी धडुत्यात, कुणी आईच्या पदरात. करंगळी पुसून घ्यावी लागते, कारण राखेनं आणि उसाच्या चिकानं काळवंडलेल्या नखावर शाई उठत नाही. ते काम तुमच्याकडे आहे. करंगळी धरली की बोटं किती गार आहेत ते कळतं.

एक बाई मात्र लेकरू पुढे करत नाही. पोटाशी धरून उभी राहते. पथकातल्या लोकांना अशा वेळी वाटतं की अफवा असेल, लशीनं पुढे मूल होत नाही वगैरे. तसं काही नाही. ती विचारते, "डोस पाजायला फडात येता. आन परवा ह्याला जुलाब लागले तवा गावात नेला, तर म्हणले इथलं कार्ड न्हाई. तवा कुठं होता?"

कुणी लगेच उत्तर देत नाही. माझ्या मते त्या पहाटेच्या सगळ्या बोलण्यात खरा प्रश्न हाच होता. पोलिओ घालवायची घाई जगाला आहे, या बाईला लेकराचे जुलाब थांबवायची आहे. तिच्या जागी उभं राहून बघा, तिचं बरोबर आहे. सिस्टर खाली बसतात, लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात, ती हळू परत जाते. क्षारसंजीवनीची पाकिटं त्यांच्या पर्समध्ये दोनच आहेत, दोन्ही देतात, पाणी उकळून कसं घालायचं ते सांगतात. "उद्या पहाटे परत येते. गोवराची सुई पण आणते. कार्ड मीच भरते." बाई लेकरू पुढे करते. दोन थेंब. करंगळी.

दुसऱ्या दिवशी जीप लागते, आणि ती मिळते. सेवाभावी क्लबाचं पोलिओतलं खरं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ही दुसऱ्या दिवसाची जीप सांगेन. सरकारी गाडी फेरीपुरती असते, डिझेल फेरीपुरतं मंजूर असतं. ठरल्याबाहेरची एक खेप मारायची तर कुणाच्या तरी खिशातून जावं लागतं, आणि तालुक्याच्या गावात तो खिसा ओळखीतला असतो. जगभरच्या रोटरीनं पोलिओसाठी दिलेला पैसा आता अब्जांच्या हिशेबात मोजतात. तो पैसा नसता तर लस, प्रयोगशाळा, प्रशिक्षण यांचं बरंच काही अडलं असतं. पण पैसा फडापर्यंत पोचवायला ज्याला मुकादमाचं नाव माहीत आहे असा माणूस लागतो.

उजाडतंय. डोस पाजायच्या या पहिल्या दिवशी तुमच्या जीपला आणखी दोन वीटभट्ट्या करायच्या आहेत, आणि मग स्टँड. शिर्डीहून येणाऱ्या आणि शिंगणापूरला निघालेल्या गाड्या राहुरीत थांबतात. पिवळी टोपी घातलेले क्लबचे दोघे प्रत्येक गाडीत चढून विचारतात, "पाच वर्षांच्या आतलं कुणी आहे का? करंगळी बघू." सुरतचं पोर, इंदूरचं पोर, नांदेडचं पोर. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा, पण ओढत नाही.

पुढची वर्षं खचवणारी आहेत, ती पटकन पार करा. फेऱ्यांवर फेऱ्या, तेच दार, तोच प्रश्न, "आणखी किती वेळा?" २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण, म्हणजे जगातले जवळजवळ निम्मे आपले. अनेक जाणत्या लोकांनी तेव्हा लिहिलं की भारतात हे जमणार नाही. २०१० च्या जानेवारीत पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या विषाणूवर एकत्र चालणारी नवी लस आली आणि त्या वर्षी आकडा ४२ वर उतरला. त्यातले पाच महाराष्ट्रातले, आणि त्यांत मालेगाव होतं. मालेगाव म्हणजे मनमाडच्या पुढे, तुमच्याच रस्त्यावर. त्या वर्षी राहुरीत कुणी निवांत नव्हतं.

२०११ च्या पावसाळ्यात उतरा. आता तुमचं काम वेगळं आहे. एका बालरोगतज्ज्ञांकडे सहा वर्षांची मुलगी आलीय, दोन दिवसांपासून पाय उचलत नाही. डॉक्टरांना पोलिओचा संशय फारसा नाही, त्यांना हा दुसरा, बहुतेक वेळा भरून येणारा आजार वाटतो. तरी ते फोन उचलतात. नियम असा की पंधरा वर्षांखालच्या कुणाचाही हात-पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही वाटलं, तरी कळवायचंच. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवायचे आणि मुंबईला पाठवायचे. प्रयोगशाळा परळची, १९४९ ला सुरू झालेली तीच, आता तिचं नाव एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर. जगातल्या मोजक्या खास पोलिओ प्रयोगशाळांत तिची गणना होते.

इतकी वर्षं बर्फाच्या पेटीतून लस गावात यायची. आज पेटी उलट्या दिशेनं निघालीय, आणि ती तुमच्या मांडीवर आहे. आत काय आहे ते सांगायला लाजायचं कारण नाही. नमुना गरम झाला तर विषाणू मरतो, अहवाल 'नाही' असा येतो, आणि तो 'नाही' खोटा असतो. खोट्या 'नाही'वर देश विसंबला तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून तुम्ही वाटेत पेटीचं झाकण उघडत नाही, सावली बघून बसता. मुलीच्या आईनं निघताना विचारलं होतं, "पोलिओच आहे का?" कुणालाच सांगता आलं नाही. अहवाल येतो: विषाणू सापडला नाही. साठ दिवसांनी डॉक्टर तिला पुन्हा तपासतात. ती चालत येते, थोडी पाय टाकून, पण चालत. असे हजारो 'नाही' दर वर्षी देशभरातून जमा होत होते, म्हणून तर खात्री देता आली. मुंबईच्या गटारांचं पाणीसुद्धा २००१ पासून तपासलं जायचं, आणि नोव्हेंबर २०१० नंतर त्यात रानटी विषाणू मिळाला नाही. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली लहान मुलगी.

२७ मार्च २०१४ ला दिल्लीत भारतासह जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातल्या अकरा देशांना पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. राहुरीत त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले असतील, तर ते योग्यच. तुम्ही मात्र १९७६ च्या अंगणातल्या त्या पोराला आठवा. तो आता चाळिशीचा आहे. असे लोक प्रत्येक गावात आहेत. वाकलेला गुडघा शस्त्रक्रियेनं सरळ करून कॅलिपर बसवण्याची शिबिरं रोटरीच्या क्लबांनी ठिकठिकाणी घेतली, त्यांतून कितीतरी माणसं रांगणं सोडून उभी राहिली. उतारवयात त्यांचे उरलेले स्नायूही थकू लागतात, पोलिओनंतरची ही दुसरी दुर्बलता डॉक्टरांना माहीत आहे. त्यासाठी मात्र कुठेच मांडव पडत नाही. प्रमाणपत्रानंतर या माणसांकडे बघायला आपण विसरलो, असं मला मनापासून वाटतं, आणि क्लबांच्या पुढच्या वर्षीच्या कामात हे पहिलं असावं.

आता २०२५ चा चैत्र. पाडवा झालाय. राहुरीचा ऊस कधी इथल्या, कधी प्रवरानगरच्या, कधी सोनईच्या कारखान्याला जातो, पण तोडणाऱ्या टोळ्या अजून तिकडूनच येतात, आणि आता परतीच्या वाटेवर आहेत. ३० नोव्हेंबर २०१५ पासून थेंबांच्या जोडीला पोलिओची सुईही आलीय: दीड महिन्यांनी, साडेतीन महिन्यांनी आणि २०२३ पासून नवव्या महिन्यातही. तरी पल्स पोलिओचा रविवार चुकवून चालत नाही. पाकिस्तानात २०२३ मध्ये ६ रुग्ण होते, २०२४ मध्ये ७४ झाले. अफगाणिस्तानातही विषाणू आहेच. गाझात २०२४ च्या ऑगस्टमध्ये दहा महिन्यांचं बाळ लुळं पडलं, तिथे २५ वर्षांत असं झालं नव्हतं. तो विषाणू लसीतल्या विषाणूपासूनच बदलत गेलेला होता. जिथे फार मुलांचे डोस राहून जातात, तिथेच असं घडतं.

क्लबाच्या बैठकीत तुम्ही बसलाय. पुढच्या वर्षीचा फलक किती मोठा करायचा, यावर बोलणं चाललंय. ज्यांची जीप होती ते मेडिकलवाले आता थकलेत, त्यांचा मुलगा क्लबात आहे. तो एक वही काढतो. हंगामात या भागात किती टोळ्या उतरल्या, मुकादम कोण, मुकादमाचा मोबाइल, कोणत्या कोपीत पाच वर्षांखालची किती लेकरं, कुणाचा कोणता डोस झाला आणि कोणता राहिला. दीड वर्षाचा बूस्टर बऱ्याच जणांचा मे-जूनमध्ये येतोय, म्हणजे ती गावी असताना. इथे कार्ड भरलं, ते कार्ड टायरगाडीतल्या बोचक्यात कुठे गेलं कुणास ठाऊक. तेव्हा ही नावं त्यांच्या त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राला आपणच कळवायची, असं त्याचं म्हणणं आहे. फलकाचे पैसे या कामाला लावावेत.

कुणीतरी म्हणतं, सगळं आता मोबाइलवरच्या पोर्टलवर असतं की. सिस्टर, ज्या निवृत्त झाल्यात आणि तरी बैठकीला येतात, त्या म्हणतात, "पोर्टलवर आईचा नंबर लागतो. फडातल्या निम्म्या बाया नवऱ्याचा देतात, तो मुकादमाकडं रिचार्जला पडलेला असतो."

मग ठरतं. वही तुमच्याकडे सरकवली जाते आणि पाथर्डी तालुक्यातल्या एका आशाताईंचा नंबर लावला जातो. पलीकडे भांड्यांचा आवाज आहे, कुकरची शिट्टी होते. त्या म्हणतात, "थांबा हं, पेन घेते." मग म्हणतात, "हां, सांगा. आधी आईचं नाव, मग लेकराचं, आन वस्ती कुठली ते नीट सांगा, आमच्याकडं एकाच नावाच्या तीन वस्त्या आहेत." तुम्ही पहिल्या पानावरून वाचायला लागता.